आधी तहान की आधी कोल्ड्रिंक?

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई ४३ वर्षांच्या आहेत. हिशेबाचं बैठं काम, दिवसभर एसी. साधं पाणी लहानपणापासून घशाखाली उतरत नाही, त्यामुळे सकाळचा दोन कप चहा सोडला तर दिवसभर कोला. ३३० मिलीचे तीन कॅन, कधी चार. मोठी बहीण म्हणते, 'कोल्ड्रिंक शरीरातलं पाणी ओढून घेतं, म्हणून तर तुझी तहान भागत नाही.' नवरा म्हणतो, 'त्यात नव्वद टक्के पाणीच असतं, मग काय बिघडलं?' गेल्या काही महिन्यांत तोंड सारखं कोरडं पडतं, रात्री दोनदा लघवीला उठावं लागतं, आणि त्यामुळे बहिणीचं खरं वाटू लागलंय. मध्यंतरी १२ वर्षांच्या मुलीला जुलाब झाले तेव्हा गॅस घालवलेला कोला पाजला, त्यावरूनही बहीण रागावली. त्या विचारतात: दोघांपैकी बरोबर कोण? आणि डाएट कोला किंवा स्पोर्ट्स ड्रिंक घेतलं तर चालेल का?

उत्तर:

रात्री दोनदा उठावं लागतं, हे तुम्ही बहिणीच्या बाजूचा पुरावा म्हणून जाता जाता लिहून टाकलंत. मी मात्र पत्र वाचताना तिथेच थांबले. सारखी तहान, कोरडं तोंड, रात्रीची लघवी आणि दिवसाला तीन-चार कॅन कोला हे सगळं एका पत्रात एकत्र आलं की बहीण आणि नवऱ्याचा वाद थोडा बाजूला ठेवावा आणि याच आठवड्यात रक्तातली साखर तपासून घ्यावी. घाबरवण्यासाठी म्हणत नाही. कदाचित काहीच निघणार नाही. पण बाकीचं उत्तर वाचण्याच्या नादात हे राहून जाऊ नये म्हणून आधी सांगितलं. कारण पुढे येईलच.

आता वाद. पाण्यापुरतं बोलायचं तर तुमच्या नवऱ्याचं म्हणणं बरोबर आहे. ३३० मिलीच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते आणि ३०० मिलीच्या आसपास पाणी. हे पाणी शरीराला मिळतं. २०१६ मध्ये रोनाल्ड मॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ७२ पुरुषांना वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी पेयं दिली, प्रत्येक वेळी एक लिटर, अर्ध्या तासात संपवायचं, आणि पुढचे चार तास लघवी मोजली. कोला, डाएट कोला, चहा, कॉफी, संत्र्याचा रस, स्पोर्ट्स ड्रिंक या सगळ्यांनंतरची लघवी साध्या पाण्यानंतर होते तेवढीच भरली. कोला प्यायल्यावर प्यायलं त्याहून जास्त बाहेर पडतं, हे त्यात कुठेही दिसलं नाही. पाण्याहून सरस ठरले ते दूध आणि ओआरएस. त्यांचं पाणी शरीरात जास्त वेळ टिकलं.

मग 'कोल्ड्रिंक पाणी ओढून घेतं' हे आलं कुठून? बरेचदा दोष कॅफिनवर ढकलला जातो. कॅफिनने लघवी वाढते हे खरं, पण त्यासाठी एका वेळी साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन लागतं, आणि तेही सवय नसलेल्या माणसाला जास्त जाणवतं. कोलाच्या एका कॅनमध्ये जेमतेम ३० ते ३५ मिलिग्रॅम असतं. तुमचे चार कॅन आणि दोन कप चहा दिवसभरात विभागून धरले तर हा आरोप टिकत नाही. कॅफिनने झोप उडते, काहींना लघवीची घाई होते, एवढं मात्र लक्षात असू द्या. संध्याकाळी उशिरा कॅन उघडत असाल तर रात्रीच्या एखाद्या फेरीचं कारण तेही असू शकतं.

साखरेच्या बाबतीत मात्र बहिणीच्या बोलण्यात तथ्य आहे, थोडं आणि ठरावीक वेळेपुरतं. रक्तात क्षार, साखर वगैरे विरघळलेल्या कणांची एक ठरलेली दाटी असते. कोलाची दाटी त्याच्या दुपटीहून जास्त. इतकं दाट पेय जठरातून पुढे सरकायला वेळ घेतं, आणि आतड्यात उतरल्यावर आधी शरीरातलंच थोडं पाणी आतड्यात खेचलं जातं. मग साखर शोषली जाते आणि तिच्यामागोमाग सगळं पाणी परत आत येतं. म्हणजे 'ओढून घेतं' हे काही मिनिटांपुरतं खरं आहे. दिवसाअखेरचा हिशेब मांडला तर पाणी जमेलाच दिसतं. हिशेबाचं काम करणाऱ्या तुम्हाला हे मी काय सांगू!

एका परिस्थितीत मात्र मी बहिणीच्या बाजूने उभी राहीन. मॉन यांच्या अभ्यासातले पुरुष निरोगी होते, बसलेले होते, तहानलेले नव्हते. उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ निरोगी माणसांना उष्ण वातावरणात काही तास व्यायाम करायला लावला, एकदा पाणी देऊन आणि एकदा फ्रुक्टोज व कॅफिन असलेलं शीतपेय देऊन. शीतपेयाच्या वेळी मूत्रपिंडावर ताण आल्याच्या रासायनिक खुणा वाढलेल्या आढळल्या. माणसं मोजकी होती, त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण घामातून पाण्याबरोबर मीठही जातं आणि कोलामध्ये सोडियम नावापुरतंच असतं, हे तर प्रयोगाशिवायही कळतं. तेव्हा उन्हातान्हात राबणाऱ्या, खेळणाऱ्या कुणी हे सदर वाचत असेल तर त्या वेळी पाणीच प्या, आणि मीठ जेवणातून येऊ द्या. तुम्ही एसीत बसता, तुम्हाला हा मुद्दा लागू नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे आणि मला ती तपासून पाहायची आहे. तहान भागली म्हणजे पाणी मिळालं, आणि तहान भागली नाही म्हणजे पाणी मिळालं नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. बहीण आणि नवराही तेच धरून भांडताहेत. शरीराचं काम इतकं सरळ नाही. रक्ताची दाटी एक-दोन टक्क्यांनी वाढली की मेंदू तहानेची सूचना देतो. पण ती सूचना बंद होते ती रक्त पुन्हा पातळ होण्याच्या कितीतरी आधी. घशाला गारवा लागला, गिळण्याची क्रिया झाली, की मेंदू अंदाजानेच तहान आवरती घेतो. पाणी रक्तात पोचायला त्यानंतरही बराच वेळ जातो. गार आणि फसफसणारं पेय या अंदाजाला जास्तच फसवतं. तहानलेल्या माणसांना आधी वेगवेगळी पेयं देऊन नंतर हवं तेवढं पाणी प्यायला सांगितलं, तेव्हा गार आणि बुडबुडेवालं पेय घेतलेल्यांनी पाणी कमी प्यायलं. तहान भागल्यासारखी वाटली होती ना! कोल्ड्रिंकचा पहिला घोट इतका सुखाचा का लागतो, त्याचं उत्तर यात आहे. तो घोट म्हणजे गारवा आणि बुडबुडे. पाण्याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

उलट बाजूही आहे. तोंड कोरडं पडणं आणि शरीराला पाणी कमी पडणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. साखरेचा चिकटा जिभेवर राहतो आणि थोड्या वेळाने पुन्हा काहीतरी प्यावंसं वाटतं. 'कोल्ड्रिंकने तहान वाढते' हा अनेकांचा अनुभव असतो, त्यात या चिकट्याचा वाटा मोठा असावा असं माझं मत आहे. शिवाय एसीची कोरडी हवा, नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेणं, ॲलर्जीच्या गोळ्या, रक्तदाबाची आणि नैराश्याची काही औषधं यांनीही तोंड कोरडं पडतं. यातलं काही चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तुम्ही पत्रात औषधांबद्दल काहीच लिहिलेलं नाही.

आता ते रक्तातल्या साखरेचं. 'कोल्ड्रिंक पिते म्हणून तहान लागते' असं तुम्ही म्हणता. तहान लागते म्हणून कोल्ड्रिंक पिता, असंही असू शकतं, आणि ती तहान दुसऱ्याच कारणाने लागत असेल. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की मूत्रपिंडं ती सगळी परत शोषून घेऊ शकत नाहीत. साखर लघवीत उतरते आणि आपल्याबरोबर पाणी घेऊन जाते. लघवी वाढली की तहान वाढते, तहान भागवायला गोड पेय हाती घेतलं की साखर आणखी चढते. इथे मात्र कोला खरोखरच तहान वाढवतो. जपानमध्ये गोड पेयांच्या बाटल्या रिचवत राहिलेली, बरेचदा तरुण माणसं याच चक्रात सापडून थेट इस्पितळात पोचू लागली, तेव्हा तिथे या प्रकाराला लोक 'पेट बॉटल सिंड्रोम' म्हणू लागले (पेट बॉटल म्हणजे प्लास्टिकची बाटली). त्यातल्या अनेकांना आपल्याला मधुमेह आहे याची कल्पनाच नव्हती.

उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी), या दोन चाचण्या पुरेत. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर मधुमेहाच्या दिशेने पुढची तपासणी होते. आकडे त्याखाली पण काठावर असतील तर आत्ताच सावरायला वाव आहे. दोन्ही अगदी नेहमीसारखे आले तरी 'काही नाही' म्हणून सोडून देऊ नका. रात्रीच्या लघवीला इतरही कारणं असतात, ती डॉक्टरांबरोबर बसून शोधावी लागतात. आणि एक, विनाकारण वजन उतरत असेल, मळमळ, उलट्या, धाप, गुंगी असं काही असेल तर आठवडा संपायची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा.

मुलीच्या जुलाबांबद्दल. बहीण रागावली त्यात तिचं चुकलं नाही, पण तुम्ही स्वतःला कोसत बसण्याचंही कारण नाही. गॅस घालवलेलं कोल्ड्रिंक पाजण्याची पद्धत घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, बऱ्याच शिकल्यासवरल्या घरांतसुद्धा. गॅस काढल्याने पोट फुगायचं कमी होतं एवढंच. साखर तेवढीच राहते, आणि तीच अडचण आहे. जुलाबात आधीच बिघडलेल्या आतड्यात इतकं दाट पेय गेलं की ते पाणी आतड्यात खेचतं आणि जुलाब वाढू शकतात. गेलेलं सोडियम, पोटॅशियम तर त्यातून भरून निघतच नाही.

ओआरएसमध्येही साखर असते, मग ते का चालतं, असा प्रश्न तुमच्या नवऱ्याला नक्की पडेल. आतड्याच्या पेशींमध्ये सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेणारं एक द्वार आहे. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना मांडली. जोडी आत गेली की पाणी मागोमाग जातं, आणि जुलाब चालू असतानाही हे द्वार बरंचसं काम करत राहतं. म्हणून प्रमाणाला इतकं महत्त्व. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, सोबत पोटॅशियम क्लोराईड आणि सायट्रेट. कोलाच्या एका लिटरमध्ये १०० ग्रॅमहून जास्त साखर असते, म्हणजे सातआठ पट. 'मग कोला पाण्यात मिसळून पाजू का?' असंही विचारलं जातं. साखर पातळ होईल, पण मीठ कुठून येणार? घरात ओआरएसची पाकिटं आणून ठेवा, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवा, चमच्याचमच्याने, घोटाघोटाने द्या. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, बराच वेळ लघवी झाली नाही, शौचातून रक्त गेलं किंवा काहीच पोटात ठरत नसेल, तर घरचे उपाय थांबवून लगेच डॉक्टर गाठा.

स्पोर्ट्स ड्रिंक या दोन्हींच्या मधलं आहे. साखर कोलाहून कमी, मीठ ओआरएसहून बरंच कमी. तासाहून जास्त दमछाक करणाऱ्या खेळाडूला त्याचा उपयोग असेल. खुर्चीत बसून हिशेब करणाऱ्या माणसाला त्यातून फक्त आणखी साखर मिळते. तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका.

डाएट कोलाचं उत्तर इतकं सरळ नाही. पाणी म्हणून तो साध्या कोलाइतकाच चालतो, साखर शून्य. तीन-चार कॅनवरून खाली यायचं असेल तर मधली पायरी म्हणून मला तो मान्य आहे. कायमचा मुक्काम तिथे करू नये असं वाटतं. एक तर आंबटपणा तसाच राहतो. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं पेय आंबट. साधा काय आणि डाएट काय, कोलाचा पीएच ३ च्या आसपास किंवा त्याहून कमी असतो आणि दातांचं कवच साधारण ५.५ च्या खाली झिजू लागतं. तुम्ही दिवसभर घोट घोट पीत असाल तर दातांना उसंतच मिळत नाही, त्यापेक्षा जेवणाबरोबर एकदाच पिऊन संपवलेला बरा. दुसरं, २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडव्यावर विसंबू नका असा सल्ला दिला आहे. आणि तिसरं माझं स्वतःचं मत, त्याने जिभेची गोडाची मागणी कमी होत नाही.

खरं तर तुमचं घर ज्या मुद्द्यावर भांडतंय तो मुद्दाच मला चुकीचा वाटतो. कोला कमी करण्याचं कारण पाण्यात शोधलं की नवरा जिंकतो आणि कॅन चालू राहतात. कारण साखरेत आहे. चार कॅन म्हणजे १४० ग्रॅम साखर. २००० कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवावी आणि जमल्यास २५, असं जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते आहे. तुमचा दुसरा कॅन अर्ध्यावर येतानाच पहिली मर्यादा संपते, आणि चहातली साखर अजून मोजलेलीच नाही.

'साधं पाणी उतरत नाही' यावर मी 'सवय करा' म्हणणार नाही. एवढ्या वर्षांत ती लागायची असती तर लागली असती. तुम्हाला कोल्ड्रिंकमधलं नेमकं काय हवंसं वाटतं ते आधी शोधा. बुडबुडे हवे असतील तर बिनसाखरेचा साधा सोडा पाण्याइतकाच उपयोगी आहे. गारवा हवा असेल तर पाणीच खूप गार करून, हवी तर लिंबाची फोड टाकून पाहा. तीन वाजताची तरतरी हवी असेल तर ते कॅफिन आहे, ते कमी साखरेच्या चहातूनही मिळतं. गोडच हवं असेल तर निदान प्रश्न पाण्याचा नव्हता हे तरी कळेल. दूध, चहा, फळं, भाज्या, पातळ पदार्थ हे सगळं पाण्यातच जमा होतं. साधारण पाचवा हिस्सा पाणी तर खाण्यातूनच येतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बायकांसाठी सुचवलेलं दिवसाचं २ लिटर हे प्रमाण अन्नातलं पाणी धरूनच आहे. तेव्हा आठ ग्लासांचा धाक बाळगू नका. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर बहुतेक ठीक चाललंय असं समजा. मात्र साखर वाढलेली असताना ही खूण फसवते, लघवी फिकट दिसते आणि शरीर कोरडं पडत असतं. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्या वाचकांनी तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं.

कॅन एकदम बंद केलेत तर कॅफिन तुटल्यामुळे दोन-तीन दिवस डोकं धरेल, आणि मग 'कोला सोडला की मला त्रास होतो' असं म्हणून परत सुरू होईल. संध्याकाळचा कॅन आधी सोडा, झोपेलाही बरं. बाकीचे एकेक आठवड्याच्या अंतराने. आणि राहिलेल्या कॅनच्या आधी अर्धा ग्लास काहीतरी बिनगोड प्या. तहान तिथेच भागली तर कॅन बरेचदा अर्धा उरतो.

मुलीला 'कोल्ड्रिंक पाणी शोषून घेतं' असं सांगून घाबरवू नका, बहिणीलाही तसं सांगा. बारा वर्षांची मुलगी चार वर्षांत हे खोटं आहे हे शोधून काढेल आणि त्याबरोबर साखरेचं खरंही निकालात काढेल. तिला ३५ ग्रॅम साखर वजनकाट्यावर काढून दाखवा. माझ्या मते तेवढं पुरतं.

डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन-चार दिवस एका कागदावर लिहून ठेवा: काय प्यायलं, किती, किती वाजता, रात्री किती वेळा उठलात, कोणती औषधं चालू आहेत. आणि चाचणीच्या आदल्या आठवड्यात रिपोर्ट चांगला यावा म्हणून कोला बंद करायला जाऊ नका. एचबीए१सीमध्ये मागचे दोन-तीन महिने दिसतात.